वाकड्या काट्याचा मासा

ज्या गावात हे सगळं घडलं त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. निघताना, जिच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या सुषमाने तेवढी एकच अट घातली होती आणि मी ती मान्य केली. देवबागच्या खाडीला जी नदी मिळते, तिला वर डोंगराच्या बाजूने बरेच व्हाळ, म्हणजे ओढे, येऊन मिळतात. त्यातल्या एका व्हाळाच्या काठी ते गाव आहे, एवढं पुरे.

आम्ही सोलापूरचे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अधूनमधून प्रवासाबद्दल लिहिते. दिवसभर लोकांच्या माना, पाठी आणि गुडघे बघण्यात जातो. माझा धाकटा भाऊ नंदू याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, पण त्याचा जीव अडकलाय गळात. रविवार उजाडला की तो काठी, रीळ आणि शेंगांची चटणी-भाकरी घेऊन धरणाच्या पाण्यावर जाऊन बसतो. घरी आणतो बहुतेक चिलापी. 'ताई, एकदा खाडीचा मासा धरायचा' हे त्याचं पालुपद मी कितीतरी वर्षं ऐकत होते. शेवटी फेब्रुवारीत दोघांनी सुट्टी काढली, त्याच्या जुन्या गाडीत काठ्या कोंबल्या आणि आम्ही घाट उतरलो.

देवबाग

पहिलं स्वागत वाळूने केलं. ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्यांच्या गल्लीतच गाडीचं चाक रुतलं. नंदू जितकं ॲक्सिलरेटर दाबत होता तितकं ते खाली जात होतं. घरमालक गजानन, ज्यांना सगळे गजाभाऊ म्हणतात, ते लुंगी खोचत आले. चाकाखाली माडाची झावळं घातली आणि म्हणाले, "दाबू नको रे. गाडीक दम खावक दी." गाडी निघाली. त्यांची बायको सुषमा तोवर दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "वाळूत रुतल्याशिवाय आमच्याकडे पाहुणो इलो असा वाटणाच नाय," ती म्हणाली.

गजाभाऊ पर्यटकांना होडीतून फिरवतात, सुषमा खानावळ बघते. पन्नाशीच्या आसपासची दोघं. मुलगा मुंबईला नोकरीत. त्या दिवशी दुपारी तिने तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण वाढलं. तिरफळ चावायचं नसतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. नंदूने ते चावलं आणि पाच मिनिटं त्याची जीभ बधिर झाली. आमच्याकडे तिखट म्हणजे डोळ्यांतून पाणी. इथलं तिखट वेगळंच, ते हळूच येतं आणि जीभच काढून घेतं. सोलकढीचे दोन पेले झाल्यावर त्याला बोलता आलं.

संध्याकाळी गजाभाऊंनी होडी कांदळवनाच्या कडेला लावली. नंदूच्या काठीला एक छोटी तांबोशी लागली आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. गजाभाऊ काठी वापरत नाहीत. हातात दोरी, तिच्या टोकाला गळ, गळाला सुंगट, म्हणजे कोळंबी. त्यांच्या दोरीला एक काळुंदर लागलं. तळहाताएवढा, चपटा, काळपट पट्ट्यांचा मासा. वर येताच त्यांनी तो गळातून काढला आणि माझ्याकडे पाठ करून पाण्यात सोडून दिला.

"का सोडला?" मी विचारलं.

"पिल्लू होता."

पिल्लू नव्हतं. पण त्याच्या पाठीच्या रेषेत मला काहीतरी खटकलं. उजेड कमी होता, मासा क्षणभरच दिसला होता, म्हणून मी विषय सोडून दिला.

रात्री जेवताना सुषमाने सांगितलं की उद्या ती माहेरी चाललीय. काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तिच्या गावचे लोक देवळात जमतात आणि देवीला गाऱ्हाणं घालतात. "चला तुमीय. आमच्या गावात व्हाळाची मोठी कोंड आसा. गोड्या पाण्यात गरवा."

कोंड म्हणजे ओढ्यातला खोल डोह आणि गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं; नंदू लगेच तयार झाला. गजाभाऊ मात्र ताटात बघत म्हणाले, "थंय काय आसा? नुसता ऊन." सुषमा हसली. मीही हसले. ते ऊन का सांगत होते ते कळायला आणखी एक दिवस जायचा होता.

सुषमाचं माहेर

गजाभाऊंना होडीचं गिऱ्हाईक होतं. ते दुसऱ्या दिवशी देवळात येणार होते. आम्ही तिघं सकाळी निघालो. माड मागे पडले, काजूच्या बागा सुरू झाल्या. डोंगरउतारावर झाडं मोहरली होती आणि गाडीच्या खिडकीतून एक गोडसर वास येत होता. मध्येच त्यात औषधाचा उग्र भपकारा मिसळायचा. सुषमा मागच्या सीटवरून लहानपणीच्या गोष्टी सांगत होती. त्या कोंडीत ती पोहायला शिकली होती. तळाला बसलेला मासा वरून दिसायचा, म्हणाली. लग्नानंतर मात्र ती गणपतीलाच माहेरी येते. तेव्हा व्हाळाला लाल पूर असतो आणि मासे कोणी धरत नाही.

घरी तिचा भाऊ दत्ताराम आणि वहिनी नयना. दत्ताराम काजूच्या बागेत होता. नयनाने पाटावर बसवलं, उकड्या तांदळाचा भात वाढला, वर माशांचं आंबट-तिखट. "कोंडीतले आसत. सकाळीच ह्यांनी आणल्यानी," ती म्हणाली. रस्सा इतका चांगला झाला होता की मी दुसऱ्यांदा मागून घेतला. मासे लहान तुकडे करून घातले होते. मी एका तुकड्याचं मांस सोडवलं आणि मधला काटा बाजूला ठेवायला उचलला.

काटा सरळ नव्हता.

माशाच्या पाठीचा कणा काय असतो ते मला माहीत आहे. एका ओळीत ओवलेले बारीक मणी. हा कणा एकदा डावीकडे गेला होता, मग उजवीकडे, आणि दोन जागी मणी एकमेकांत घुसून एकच गाठ झाली होती. असे फोटो मी रोज बघते. क्लिनिकमध्ये, काचेमागच्या दिव्यावर लावून, लेकरांच्या आईवडिलांना समजावून सांगताना. तो आकार ताटात, भातावर बघितल्यावर माझा घास तोंडातच राहिला.

मी दुसरा तुकडा सोडवला. तोही तसाच. नंदूच्या ताटाकडे बघितलं, तो खाण्यात दंग होता. त्याने बाजूला काढलेल्या काट्यांत एक सरळ होता आणि एक टाचणी वाकवावी तसा.

"नयनावहिनी," मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "या माशांचे काटे असे वाकडे कसे?"

तिने ताटात पाहिलंही नाही. "हल्ली तसलेच गावतत."

"कधीपासून?"

"मी लग्न होऊन इलंय तेव्हापासून बघतंय. पयल्यांदा माकाय कसातरी झाला. मी सासूबाईंक विचारलंय, तर म्हणाल्या, गप खा, मासो तो मासो." तिने नंदूला भात वाढला. "मगे सवय झाली. डोकी आणि शेपटे काढून तुकडे केले की कळणा नाय."

सुषमाचा हात ताटात थांबला होता. तिने आपल्या पुढचा काटा उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग ताट सरकवून उठली. नंदू म्हणाला, "काय झालं?" मी त्याला काटा दाखवला. तो आधी हसला, मी चेष्टा करतेय असं समजून. मग त्याने आपल्या ताटातला वाकडा काटा उचलून पाहिला.

जेवण कसंबसं संपलं. मला सगळ्यात जास्त हादरवलं ते काट्याने नव्हे, नयनाच्या 'सवय झाली'ने. आमच्याकडे दुधाला वेगळा वास आला तरी घर डोक्यावर घेतात. इथे एक घर वाकडे मासे कापून, त्यांचा आकार लपवून, रोजचं जेवण जेवत होतं. आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं.

कोंड

ऊन कलल्यावर आम्ही तिघं कोंडीवर गेलो. नंदूने काठी घेतली होती, पण सकाळचा उत्साह नव्हता. खरं तर आम्हाला खात्री करून घ्यायची होती. कदाचित सकाळच्या माशांतच काही असेल, असं मी मनाला समजावत होते.

व्हाळ बहुतेक आटला होता. खडकांमधून पाण्याची एक बारीक धार येत होती आणि दोन मोठ्या कातळांच्या मध्ये ती कोंड होती. हिरवट, निश्चल, वर माडाएवढे ऐनाचे वृक्ष. जागा इतकी सुंदर होती की क्षणभर मी विसरलेच. सुषमा पाण्याच्या कडेला उकिडवी बसली आणि खाली बघत राहिली. "तळ दिसणा नाय," ती म्हणाली.

नंदूला पहिला मासा लागायला फार वेळ लागला नाही. काळुंदर. त्याने तो ओल्या हातात धरला आणि माझ्यापुढे केला. मासा मधून दुमडल्यासारखा होता. डोकं एका दिशेला, शेपटी दुसऱ्या. तो धड पोहतही नसावा. दुसरा लागला तो सरळ होता, त्याच्या कल्ल्यावरचं झाकण मात्र नव्हतं. आतला लाल भाग उघडा, हलत होता. मग एक शेंगटी, मिशावाली. तिच्या एका बाजूला डोळाच नव्हता. जखम नव्हती, खाचही नव्हती. डोळ्याच्या जागी साधी कातडी होती, जणू तिथे डोळा असायचाच नव्हता. नंदूने ती उलटसुलट करून पाहिली, दुसरीकडचा डोळा आमच्याकडे बघत होता, आणि त्याने ती बाकीच्या माशांबरोबर बादलीत सोडली.

त्याने पुढे गळ टाकला नाही. रीळ गुंडाळलं, काठीचे तुकडे वेगळे केले आणि कातळावर बसून राहिला. "ताई," तो म्हणाला, "मी आयुष्यभर मासे मारले. कधी माशाची कीव आली नव्हती."

मी क्लिनिकमध्ये वाकलेल्या पाठी बघते तेव्हा करायला काहीतरी असतं. पट्टा द्यायचा, व्यायाम शिकवायचे, डॉक्टरांकडे पाठवायचं. इथे माझ्या पायाशी प्लास्टिकच्या बादलीत ते मासे गोल गोल फिरत होते आणि मला काहीच येत नव्हतं.

तेवढ्यात वरच्या पायवाटेने दत्ताराम उतरला. पाठीला फवारणीचा पंप, तोंडाला फडकं. बहिणीला बघून त्याने फडकं खाली ओढलं आणि मनापासून हसला. "गो सुषमा! कधी इलंस?" आमचीही विचारपूस केली. पाहुण्यांना चहा दिला की नाही ते विचारलं. आणि हे सगळं बोलता बोलता त्याने पंप उतरवला, झाकण उघडलं, कोंडीत बुडवून पाणी भरलं, खळखळ हलवलं आणि पांढरट पाणी कोंडीतच ओतून दिलं. मग पुन्हा भरलं.

आम्ही तिघंही बघत राहिलो. इतक्या सहज, इतक्या मायेने बोलत तो ते करत होता.

"दत्ता," सुषमा म्हणाली, "ह्या काय करतंस?"

"पंप धुतंय."

"हय?"

"मगे खंय धुवू? गाव हयच धुता." त्याने कातळाच्या मागे बोट दाखवलं. तिथे रिकाम्या बाटल्या आणि डब्यांचा ढीग होता, पावसाळ्यात वाहून जायच्या वाटेवर. "ढेकण्याच्या किडीन मोहर जळता. औषध मारला नाय तर काजी खंयच्यो?"

सुषमाने बादली उचलून त्याच्या पायाशी ठेवली. "बघ."

त्याने वाकून पाहिलं. "ते तसलेच आसत."

"आपण लहान होतो तेव्हा होते तसले?"

तो पंपाचं झाकण लावू लागला.

"सांग मरे. होते?"

"नाय," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "औषधानच झाला ह्या तुका कोणी सांगितला? ऊन वाढला, पाणी आटला, धा कारणा आसतत. तू गणपतीक येतंस नि जातंस. बाग मी राखतंय. आणि तुझो घोव खाडीत पाहुण्यांका मासे धरून देता, ता पाणी खंयसून येता? हयसूनच जाता मां?"

माझ्या डोळ्यांपुढे होडीतला तो क्षण आला. पाठ करून पाण्यात सोडलेलं काळुंदर. मी तिला काही सांगणार नव्हते. पण तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काल ह्यांनी एक मासो सोडल्यानी, नंदू म्हणत होतो. कसो होतो तो?"

"नीट दिसला नाही," मी म्हणाले. तेवढं तिला पुरलं.

दत्ताराम पंप तिथेच ठेवून वर निघून गेला. औषधाबद्दल तो म्हणाला ते खोटं नव्हतं. मलाही कारण ठाऊक नव्हतं, आजही पक्कं ठाऊक नाही. पण ज्या पाण्याच्या काठावर त्याच्या घराची विहीर होती, त्याच पाण्यात तो रोज ते ओतत होता आणि त्याला त्यात काही वेगळं दिसत नव्हतं.

देऊळ

सकाळी नयनाने घावणे आणि गुळाचा रस दिला. चहाचं पाणी तिने गावच्या वरच्या अंगाला असलेल्या झऱ्यावरून आणलं होतं. कळशी अजून ओली होती. तिने ते कोणाला सांगितलं नाही. दत्तारामने पाहिलं, आणि चहा घेतला.

देवळाच्या वाटेवर गजाभाऊ भेटले, मोटारसायकलवरून आलेले. सुषमाने त्यांना तिथेच थांबवलं. "तुमका म्हायत होता?"

त्यांनी आधी नंदूकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "गेल्या दोन वर्सांत अधनंमधनं गावतत," ते म्हणाले. "सगळे नाय. एखादो. मी सोडून देतंय."

"आणि माका सांगूक नाय?"

"सांगून काय करतलंस? एका पाहुण्यान फोटो काढून खंयतरी टाकलो तर उद्या देवबागात होडयेत कोण बसतलो? आपलोच नाय, सगळ्यांचो धंदो बसतलो." ते माझ्याकडे वळले आणि हात जोडले. इतका मोठा माणूस, मला फार अवघड झालं. "ताई, तुमी लिवतास म्हणून सांगतंय. जरा सांभाळून."

सुषमा त्यांच्या पुढे चालू लागली.

देवळाच्या आवारात गाव जमलं होतं. पुरुष सभामंडपात, बायका बाजूला. आमच्याकडे देवापुढे जो तो मनातल्या मनात मागतो. इथे एक मानकरी सगळ्या गावाच्या वतीने मोठ्याने देवीशी बोलतो आणि प्रत्येक वाक्याला गाव एका आवाजात होकार देतो. मानकरी म्हातारे होते, पण आवाज खणखणीत.

"बा देवी म्हाराजा, आज ह्यो तुझो गाव तुझ्या पायाकडे जमलो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काजीक मोहर बरो धरान दी. मुंबयक गेलल्या लेकरांक सुखी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजाने दगडी खांबही घुमत होते. मग मानकऱ्यांचा सूर बदलला. नयनाने पहाटे त्यांच्या घरी जाऊन माशांचं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

"आमच्या व्हाळात माशांची कंबर मोडली आसा, म्हाराजा. कोणाची वाकडी नजर लागली आसात, कोणी वायट करणी केली आसात, तर ती गावाच्या भायर घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"करणी आमचीच आसा, म्हाराजा."

बाईचा आवाज होता. सगळ्या माना वळल्या. सुषमा बायकांतून उठून मंडपाच्या पायरीशी आली होती. डोक्यावर पदर, हात जोडलेले, नजर देवीकडे. मानकऱ्यांकडे तिने पाहिलंच नाही.

"भायरचो कोण नाय इलो. औषधाचे पंप व्हाळात आमीच धुतलाव, म्हाराजा. बाटल्यो आमीच टाकलाव. वाकडे मासे कापून आमीच खाल्लाव आणि पाहुण्यांका लपयलाव. दुसऱ्याचा नाव घेवन तुझ्या दारात खोटा नको."

कोणी होकार दिला नाही. एक जण पुटपुटला, माहेरवाशीण लेकीन गाऱ्हाणा घालूचा नसता. दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. गजाभाऊ जमिनीकडे बघत होते. सुषमा तशीच उभी राहिली, आणि मला वाटलं आता तिला एकटीलाच परत आपल्या जागी जाऊन बसावं लागणार.

मग मंडपाच्या मागच्या कोपऱ्यातून एकट्या माणसाचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

तो दत्ताराम होता. त्याच्या मागोमाग आणखी कोणी बोललं नाही. मानकऱ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पुढचं वाक्य न घेता नारळ फोडला.

परत

कोंडीतले, बर्फात ठेवलेले दोन मासे आम्ही सोलापूरला आणले. ओळखीच्या एका प्राध्यापकांना दाखवले. ते म्हणाले, नुसत्या माशावरून कारण सांगता येणार नाही. फवारणीच्या दिवसांतलं पाणी तपासावं लागेल, गाळ तपासावा लागेल. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पुढच्या हंगामात नंदू पाण्याच्या बाटल्या घेऊन पुन्हा जाणार आहे, काठी न घेता.

मागच्या आठवड्यात सुषमाचा फोन आला होता. दत्ताराम आता बागेतच खड्डा काढून पंप धुतो. आणखी काही घरं तसं करायला लागली आहेत, काहींनी तिच्याशी बोलणं सोडलंय. नयना पिण्याचं पाणी झऱ्यावरूनच आणते. गजाभाऊ पाहुण्यांपासून काही लपवत नाहीत. तसा मासा लागला तर हातात धरून दाखवतात आणि का सोडतो ते सांगतात. दोन पाहुणे मध्येच होडी फिरवायला लावून परत गेले.

"आणि मासे?" मी विचारलं.

"काल दत्तान गरवून बघल्यान," ती म्हणाली. "वाकडेच आसत."